चाळीस पावलांवर दोन बोटं

दोहा,
१८ नोव्हेंबर २०१८

धोंडीराम,

आशीर्वाद. तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालते. वाईट असती तर गावातल्या कुणीतरी अवधूतच्या मोबाइलवर हौसेने कळवलं असतं. फोनवर तुला काही ऐकू येत नाही. मी ओरडते, तू नुसतं हो हो म्हणतोस आणि सुनेला वाटतं बहीणभावाचं भांडण लागलंय. म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून लावून वाच.

अल थुमामात अवधूतचं घर आहे. घरामागे फुटबॉलचं मैदान बांधतायत. खेळ चार वर्षांनी, धूळ आत्तापासून. इथले पुरुष डोक्याला घालतात तसल्या टोपीच्या आकाराचं होणार आहे म्हणे. मी सूनबाईला, अनुष्काला म्हटलं, एवढी टोपी शिवतायत, डोकं कुठून आणणार? ती हसली नाही. नुपूर हसली, पण तीही इंग्रजीत. नातीला माझं सगळं कळतं, उत्तर मात्र साहेबाच्या भाषेत देते.

तुला आवडेल असं एक सांगते. अवधूतचा एक साहेब आहे, इथलाच कतारी. त्याला सगळे बू-जासिम म्हणतात, म्हणजे जासिमचा बाप. मला तो उम् अवधूत म्हणतो, अवधूतची आई. माणूस शिकारी आहे. कुठल्या कुठल्या देशांत डोंगरी बकरे मारायला जातो. दर शुक्रवारी सकाळी वाळवंटातल्या परवान्याच्या मैदानावर तो बंदूक तपासतो आणि अवधूत वहीत लिहितो, कारण अवधूतचं कामच मोजमापाचं. घरात बसून मी काय भिंती चाटू? मीही जाते. छत्रीखाली खुर्ची टाकून बसते.

तपासायची रीत ऐक. एका शुक्रवारी एकच गोळी. टेबल नाही, उशी नाही. पाठीवर ओझं घेऊन वाळूतून चालत जायचं, धाप लागली की तसंच खाली बसायचं, गुडघ्यावर कोपर टेकायचं, आणि अवधूतने शिट्टी मारली की अर्ध्या मिनिटात बार टाकायचा. तीनशे मीटरवर कागदाचा बकरा. एक गोळी आणि खलास, बंदूक खोळीत. नेम चुकला तरी दुसरी नाही. तो म्हणतो, बकरा काय दुसऱ्या गोळीसाठी थांबतो? थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे जाते, तेवढंच त्याला पाहिजे.

परवा तो म्हणाला, नळी तेलकट असली तर पहिली गोळी भलतीकडे जाते. मी खाली वाळूकडे बघत बसले. त्याला काय माहीत! चौतीस वर्षं झाली. खंडेनवमीला ह्यांच्या रायफलीची पूजा म्हणून मी नळीत खोबरेल घातलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या पारधीला, ह्यांनी हौसेने ती बंदूक तुझ्या हातात दिली, मेव्हणा फौजी म्हणून. आणि तुझी पहिली गोळी डुकराला सोडून ह्यांना लागली. सगळं गाव मला बोललं. तू एक शब्द बोलला नाहीस, ते मी विसरत नाही.

एप्रिलअखेर माझा व्हिसा संपतो. मग येते ती कायमची, तुझ्याकडे. खोलीचं काम कुठवर आलं?

तुझी अक्का

—

तळवडे,
६ डिसेंबर २०१८

ती. अक्का,

नमस्कार. पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय.

तुझा तो साहेब खरा शिकारी दिसतो. टेबलावर बंदूक ठेवून दहा गोळ्या एका भोकात घालणारे आमच्या पलटणीत पुष्कळ होते. रानात त्यांचे हात कापायचे. पहिली गोळी हीच माणसाची परीक्षा, बाकीच्या गोळ्या नुसता आवाज. त्याला माझा सलाम सांग.

खोलीला पूर्वेकडे खिडकी काढली आहे. तुला गुडघ्याचा त्रास, म्हणून संडास आतच घेतला. आंब्याखालची जागा स्वच्छ केली आहे. तू आलीस की दोघं बसू. मला ऐकू येत नाही, तू बोलत राहा, माझं काही बिघडत नाही.

जुनं उकरू नकोस. तेलाने गोळी वर जाते, दोन-तीन हात सहज. तुला बंदुकीतलं काय कळत होतं? तुझा दोष मी कधी मनात धरला नाही, पुढेही धरणार नाही. अवधूतला आशीर्वाद.

तुझा धोंडीराम

—

दोहा,
२३ डिसेंबर २०१८

धोंडीराम,

खिडकी काढलीस ते बरं केलंस.

वर? पंचनाम्याला तू 'डावीकडे' म्हणाला होतास. मी दाराआड उभी होते. डुक्कर चाळीस पावलांवर आणि दाजी त्याच्या डाव्या अंगाला दहा हात, आईनाच्या झाडाशी, असे तुझे शब्द. चौतीस वर्षं मी रोज ऐकतेय ते. चौथी शिकलेय, पण डावं आणि वर मला कळतं.

रागावू नकोस. वय झालंय, विसरला असशील. पण माझ्या डोक्यात ते घुसलंय.

गेल्या शुक्रवारी बू-जासिमला मी विचारलं, अवधूतला मध्ये घालून, की बाबा तुला एवढ्या तपासण्या कशाला लागतात? त्याने कॉफीची वाटी खाली ठेवली. मागल्या साली त्याने एक बकरा जखमी केला. पोटात गोळी घेऊन तो डोंगरापलीकडे गेला. दोन दिवस शोधला, मिळाला नाही. मी म्हटलं, बंदूक बिघडली असेल. तर तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणतो, "नहीं, उम् अवधूत. बंदूक सच्चा. मैं देखा नहीं ठीक से." आणि मान फिरवून नाक शिंकरलं. एवढा पैसेवाला माणूस, एका बकऱ्यासाठी.

मला माझी सासू आठवली. अकरा वर्षं, सणावारी मी गेले तरी, माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. शेवटी तोंडात गंगाजल घालायला मी पुढे झाले, तर तिने दात आवळले. जावेने घातलं. आणि मला ते बरोबरच वाटलं, धोंडीराम. म्हातारीचा मुलगा मी मारला होता. मीही तिच्या जागी दात आवळले असते.

बू-जासिमला म्हटलंय, माझ्यासाठी एक तपासणी कर. नळीत खोबरेल, चाळीस पावलं, पहिली गोळी. त्याला वाटलं म्हातारी गंमत करतेय. मी हसले नाही तेव्हा तो म्हणाला, इन्शाल्ला.

अवधूतला सांगितलंय, मामाशी पैज लावलीय. त्याला बाप अपघातात गेला एवढंच माहीत आहे. तेलाचं मी त्याच्या कानावर येऊ दिलं नाही. सासरचं घर सोडून त्याला शहरात वाढवला तो त्याचसाठी.

तुझी अक्का

—

तळवडे,
१४ जानेवारी २०१९

ती. अक्का,

संक्रांतीचा नमस्कार. तिळगूळ पाठवता येत नाही, शब्दांवर भागव.

वर की डावीकडे, आता काय आठवणार? तरणा होतो, समोर माणूस पडला होता, तोंडाला येईल ते बोललो असेन. तू कशाला परक्या माणसाला असल्या कामाला लावतेस? खोबरेलाने नळी फुटेल, कुणाला इजा होईल. बायकांनी बंदुकीच्या नादी लागू नये असं आपला बाप म्हणायचा.

अवधूतला यात आणू नकोस. त्याच्या मुंजीला, लग्नाला बापाच्या पाटावर मी बसलो आहे.

खोलीत फरशी बसली. पाय घसरणार नाही अशी खरबरीत घेतली आहे. तपासणी नको, अक्का. ये तू. लवकर ये.

धोंडीराम

—

दोहा,
३ फेब्रुवारी २०१९

धोंडीराम,

तपासणी झाली. तीन शुक्रवार, तीन गोळ्या. परवा शेवटची.

नळी फुटेल हे बू-जासिमलाही कळत होतं. म्हणून त्याने एक जुनी बंदूक काढली, ती लोखंडी घोडीला आवळून बांधली आणि लांबून दोरीने चाप ओढला. पहिल्या शुक्रवारी नळी कोरडी, म्हणजे खरी गोळी कुठे जाते ते कळलं. पुढचे दोन शुक्रवार तेल. इथे आता सकाळी थंडी असते, खोबरेल गोठलेलं होतं. बाटली मांडीखाली धरून मी पातळ केलं. मग त्याने विचारलं, किती घालू? मी म्हटलं, आण इकडे. चिंधी बुडवून गजाने आतबाहेर केली आणि वरून थोडं ओतलं, त्या नवमीला केलं होतं तस्सं. चौतीस वर्षांत खोबरेलाला हात लावला नव्हता, केसांनासुद्धा नाही. अवधूत बघत होता. म्हणाला, "आई, तुला हे कसं येतं?" मी म्हटलं, तू वहीत बघ.

मग बू-जासिम म्हणाला, यल्ला, म्हणजे चला, आणि दोरी ओढली.

कागद आणला. अवधूतने पट्टी लावली. मी म्हटलं, सेंटीमीटर मला सांगू नकोस, बोटं लाव. त्याने कोरड्या गोळीच्या भोकाशेजारी बोटं टेकवली. एका तेलकट गोळीचं भोक एक बोट वर. दुसरीचं दोन बोटं वर. डावीकडे काहीच नाही.

दोन बोटं, धोंडीराम. चाळीस पावलांवर दोन बोटं. मी म्हटलं, जास्त तेल घातलं तर? बू-जासिम म्हणाला, तर बंदूक फुटेल, पण गोळी दहा हात जाणार नाही. दहा हात म्हणजे केवढं ते मी त्याला वाळूत चालून दाखवलं होतं. तो त्या दोन खुणांकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे. त्याला कळलं. शिकारी आहे ना. अवधूतला कळलं नाही. तो म्हणाला, "पैज कोण जिंकलं गं?"

त्याच संध्याकाळी कतारने फुटबॉलचा कसला तरी मोठा कप जिंकला. सगळं शहर रस्त्यावर उतरलं, गाड्यांचे भोंगे, झेंडे, नुपूर गालाला रंग लावून आली. मी बाल्कनीत बसून होते. अनुष्काने विचारलं, डोळ्यांत धूळ गेली का? मी म्हटलं, हो, तुमच्या मैदानाची.

आता तू सांग. मी डाव्याउजव्याबद्दल विचारत नाही. ती गोळी ह्यांना कशी लागली, एवढंच विचारते.

अक्का

—

दोहा,
१० मार्च २०१९

धोंडीराम,

पाच आठवडे झाले. इथे टपाल घरी येत नाही, अवधूतच्या कंपनीच्या पेटीत येतं. रोज संध्याकाळी तो दारातून आत आला की मी त्याच्या हाताकडे बघते. तोंडाकडे नंतर.

तू मेला नाहीस हे ठाऊक आहे. अवधूतने शेजारच्या श्यामरावांना फोन करून विचारलं. म्हणाले, मामा ठणठणीत आहेत, अक्काच्या खोलीला रंग देतायत.

रंग राहू दे. लिही.

अक्का

—

तळवडे,
२९ मार्च २०१९

अक्का,

डुक्कर नव्हतंच.

हाकारा अजून वरच्या अंगाला होता. डबे वाजत होते ते लांब. माझ्यासमोर गवत हललं. फौजेतून सुटीवर आलेलो, सगळ्या गावाचे डोळे माझ्यावर, पहिला बार माझाच पडला पाहिजे. मी गवतावर गोळी घातली. बघितलं नाही. बंदूक सरळ होती, नेमही सरळ होता. जिथे धरला तिथेच गोळी गेली.

दाजी त्यांची जागा सोडून माझ्याकडे येत होते. हातात चंची होती, रिकामी. तंबाखू मागायला येत असणार.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. नळीत तेल नव्हतं. पारधीला निघायच्या आधी तुझ्याच पडवीत बसून, जुन्या धोतराची चिंधी फाडून, मी नळी पुसली होती. फौजी माणूस तेलकट नळी घेऊन निघत नाही. चारदा चिंधी फिरवली, शेवटची कोरडी निघाली. तू आत भाकऱ्या करत होतीस.

दस्त्याला खोबरेलाचा वास होता, पूजेचा. पोलीस पाटलाने बंदूक हुंगली आणि म्हणाला, "तेलाने गेली का रे?" मी मान हलवली. एवढंच केलं, अक्का. मान हलवली. मला वाटलं, तेलावर जाईल, तेल काही माणूस नाही. तेवढ्यात तू दारातून ओरडलीस, तेल मी घातलं, मी घातलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. नोकरी जाईल, तुरुंग होईल, असं वाटलं आणि जीभ उचलली नाही. डुक्कर, दहा हात, डावीकडे, हे सगळं मग जुळवलं. पुढे प्रत्येक सुटीला ठरवून यायचो की या खेपेला सांगायचं. तू माझ्यासाठी घावणे करायचीस. म्हणायचीस, सगळं गाव बोललं, एक माझा भाऊ बोलला नाही.

मी तुझ्यासाठी जे जे केलं ते त्या मान हलवण्यापायी केलं, असं तुला आता वाटेल. थोडं तसंही असेल. सगळं तसं नव्हतं.

खोली तयार आहे. तू ये. काय करायचं ते कर माझं. पण ये.

धोंडीराम

—

दोहा,
२१ एप्रिल २०१९

धोंडीराम,

तुझं अक्षर इतकं कापरं होतं की मला पहिल्या ओळीच्या पुढे लागेना. म्हणून अवधूतला दिलं वाचायला. मला काय माहीत आत काय आहे? मी समजले, फार तर गवत हललं वगैरे असेल, तेवढं मी त्याला कधीतरी सांगणारच होते. तो मोठ्याने वाचत गेला. तेलाशी येऊन थांबला. "कसलं तेल, आई?" मी म्हटलं, पुढे वाच. त्याने शेवटपर्यंत वाचलं, मग परत पहिल्यापासून, मनातल्या मनात. मग त्याची ती वही काढली, त्यातला तो कागद काढला आणि दोन भोकांवर बोटं ठेवून बघत बसला. स्वतःच्या हाताने मोजलं होतं पोराने.

मग त्याने तुला फोन लावला. आठवतो तुला? मागच्या रविवारी. चेहरा असा होता की मी नुपूरला आतल्या खोलीत धाडलं. तू फोन उचललास आणि म्हणालास, "कोण? अवधूत? जेवलास का बाळा?" तो म्हणाला, "मामा, तुम्ही..." तू म्हणालास, "हो हो. जेवलास ना?" तीनदा. पोराने फोन ठेवला. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, गॅलरीच्या दारात बसून रडला. बाप गेला तेव्हा नव्हता रडला इतका. बाप एकदा गेला होता, दुसऱ्यांदा तू गेलास.

आता माझं ऐक. तुझं पत्र ऐकून माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? त्या सकाळी ह्यांची चंची मी भरून दिली होती का? दोन दिवस मी तेच आठवत होते. तंबाखूचा डबा फळीवर होता, चुना होता, चंची खुंटीला. भरली की नाही भरली? भरली असती तर हे जागेवरून उठले नसते. दोन दिवस, धोंडीराम! तिसऱ्या दिवशी ताटावर बसले आणि कळलं की मी हे काय करतेय. तेल गेलं तर मी तंबाखू शोधतेय. तू मला एवढं शिकवून ठेवलंस.

रागाच्या भरात गोळी घातली असतीस तरी मी समजले असते. चूक झाली, तीही समजले असते, खरंच. त्याच दिवशी माझ्या पायाशी येऊन सांगितलं असतंस, तर मी तुला मारलं असतं आणि मग तुझ्यासोबत रडले असते. भाऊ होतास. पण त्या दारात मी छाती पिटत होते, तू उभा राहून बघितलंस. गवत तू बघितलं नाहीस, मला मात्र नीट बघितलंस.

आता मी निर्दोष आहे हे कुणाला जाऊन सांगू? सासू गेली. जाऊ गेली. पोलीस पाटील गेला. ज्या बायका मला पंगतीला दाराबाहेर बसवायच्या त्यातली एक उरलीय, तिला आता स्वतःचं नाव आठवत नाही. एक अवधूत होता, त्याला कळलं, आणि त्याची ही गत झाली.

अवधूतने विचारलं, व्हिसा वाढवू का? मी हो म्हटलं. गुरुवारी जाऊन बोटांचे ठसे दिले. हे गाव मला आवडत नाही, इथे बोलायला माणूस नाही, सून चांगली आहे पण तिच्या चांगुलपणाला वेळापत्रक आहे. तरी इथेच राहते. पूर्वेच्या खिडकीत उजेड येईल आणि समोर तू चहा घेऊन उभा असशील, तो चहा मला गिळवणार नाही. खोली कुणाला तरी राहायला दे. भाडं घेऊ नकोस.

शाप वगैरे देत नाही. म्हातारपणी औषधं वेळेवर घे. श्यामरावांची सून डबा देते म्हणे, तो घेत जा, मोठेपणा करू नकोस.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर मी वाचीन, आणि वाचलं की मला तुझी दया येईल. ती मला नको आहे.

शशिकला